सडा घालून उघडलेला कॅमेरा

वसमतचे फोटोग्राफर मुंजाजीकाका लग्नाला निघाले की वाटेत कुठं थांबत नसत. पण २००७ च्या एप्रिलात कुरुंद्याच्या शिवेवर हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, उन्हात सोनेरी धुळीचा लोट उभा होता, आणि काका थांबले. नवा डिजिटल कॅमेरा काढला, त्या धुळीतच उभ्याउभ्या लेन्स बदलली, फोटो घेतले.

लग्न माझ्या मावसबहिणीचं, पल्लवीचं. कुरुंद्यातच बुद्धविहारासमोर मांडव. पल्लवी पांढऱ्याशुभ्र साडीत. काकांनी तिचा फोटो घेतला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. पदरावर काळसर ठिपका. दुसरा फोटो घेतला. ठिपका तिथंच.

"काय झालं हो भाऊ?" नवरीच्या आईनं, लक्ष्मीमावशीनं विचारलं.

"लेन्स बदलताना हळदीचा कण आत गेला, वहिनी. सेन्सरवर बसला."

"आवं, हळद पिवळी असती. ह्यो तर काळा!"

"उजेड अडवला की पिवळं बी काळंच दिसतं."

रिळाचा कॅमेरा काकांनी उभा जन्म वापरला. त्यात कण शिरला तर एखादा फोटो बाद व्हायचा, रीळ पुढं सरकलं की सुटका. इथं सगळे फोटो त्या एकाच सेन्सरवर उमटणार. "आज काढीन त्या दर फोटोत ह्यो येणार," काका म्हणाले.

मावशी मटकन खाली बसली. तिच्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नव्हता. "माझ्या लेकीचे तरी नितळ येऊ द्या, भाऊ."

"फुंकर मारा की!" नवरीची भिकाबाई आत्या म्हणाली. "काहून तोंड पाडून राहिले?"

"थुंकी उडाली तर कण चिकटून बसंल. मग कॅमेरा नागपूरलाच पाठवावा लागंल. इथं उघडायचा तर बिनधुळीची खोली पायजे."

"एप्रिलात? कुरुंद्यात? अशी खोली कलेक्टरकडं बी नसंल!" आत्या म्हणाली.

मावशी मात्र उठली. घराच्या आतल्या खोलीतली माणसं बाहेर काढली, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि पहाटे अंगणात घालतात तसा पाण्याचा सडा घातला. "बसली धूळ. उघडा आता."

आम्ही उंबऱ्याशी. काकांनी लेन्स काढली, बटण दाबलं. खट् करून आतला आरसा वर गेला. मागं टपाल तिकिटाएवढा चकाकता तुकडा, त्याला हिरवी-जांभळी झाक. एवढ्याशा जागेत अख्खं लग्न मावणार होतं! काकांनी कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडं केलं, रबरी पंप दाबला. फूस. फूस. लेन्स लावून बाहेर आले, आभाळाचा फोटो घेतला.

निळ्या आभाळात ठिपका.

"वधूला आणा!" मांडवातून हाक आली.

"थांबा म्हणावं!" मावशी ओरडली आणि पुन्हा सडा घातला. काकांनी श्वास रोखला. आम्हीही. फूस. भिकाबाई आत्यानं तर तोंडावर पदरच दाबला.

पुन्हा आभाळ. काकांनी फोटो मोठा केला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरकवत नेला. मावशीचं बोट पडद्याला न लागता मागोमाग फिरत होतं.

"एवढं मोठं आभाळ," ती हळूच म्हणाली, "अन् त्यात काहीच न्हाई!"

"काहीच न्हाई," काका म्हणाले. "आता आणा नवरीला."