बाईंनी स्वतः लावलेला नंबर

बाई गेल्या हे मला आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर कळलं. मंगळवारची सकाळ होती, मी चहा गाळत होते, फोन वाजला म्हणून एका हातानं उघडला. वर कोणीतरी गुलाबासकट शुभ सकाळ घातली होती, त्याखाली भिजवलेल्या मेथ्यांचे फायदे, आणि त्याखाली एक ओळ... ‘आपल्या ज्येष्ठ सहकारी सुमन साळवे बाई यांचे आज पहाटे केडगाव येथे राहत्या घरी निधन.’ मग जोडलेल्या हातांची रांग. आणि पाचच मिनिटांनी त्या रांगेखाली आणखी एकाची शुभ सकाळ, या वेळी सूर्यफुलासकट. वरचं वाचायची तसदीसुद्धा माणसं घेत नाहीत. मी फोन ओट्यावर आपटला. फुटलाही नाही मेला.

महिना उलटला, माझा राग काही उतरत नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे आणि बाईंबद्दल गोड लिहिण्यासारखं ढीगभर आहे. पण त्या कशा गेल्या हे आधी सांगितल्याशिवाय मला ते गोड लिहवणार नाही, आणि ते सांगायचं तर त्या कशा शिकवायच्या तिथून सुरुवात करावी लागेल.

कोल्हारच्या जिल्हा परिषद शाळेत मी रुजू झाले तेव्हा बाई पहिलीच्या वर्गावर होत्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा, खड्या आवाजात प्रार्थना. रविवारी चर्च आणि उरलेले सहा दिवस शाळा, यापलीकडे त्यांना जग नव्हतं. त्यांची एक पद्धत होती. पोर पाटीवर अक्षर काढायला बसलं की बाई त्याच्यासमोर मांडी घालून बसायच्या आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. तोंडानं सांगायचं, हात लावायचा नाही. ‘अ’ आडवा पडो, ‘ळ’चा जिलबीसारखा गुंता होवो, बाईंचे हात मागेच. एकदा एका पोराची आई दाराशी उभी राहून हे बघत होती, ती शेवटी वैतागून म्हणाली, “बाई, धरा की त्येचा हात! आसं कवा शिकायचं त्ये? लई येळ लागतोय.” बाई शांतपणे म्हणाल्या, “मी हात धरला तर अक्षर माझं होईल हो. त्याचं कधी होणार?” मला तेव्हा हा शुद्ध नखरा वाटला होता. वर्ष सरता सरता बघितलं तर त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक पोराचं अक्षर वेगळं आणि एकूण एक पोर घडाघडा वाचणारं. मग मीही हात बांधायला शिकले... म्हणजे शाळेपुरती.

बाई निवृत्त होऊन केडगावला स्थायिक झाल्या. साळवे सर गेल्यावर एकट्याच राहायच्या. मुलगा विनय पुण्याला, चांगल्या नोकरीत. मुलगा गुणी आहे, हे मी रागातसुद्धा लिहीन. गेल्या नाताळाला त्यानं आईला नवा स्मार्टफोन आणला आणि एका बैठकीत त्यात सगळा संसार भरून दिला. गोळ्यांची आठवण करणारं ॲप, पावलं मोजणारं ॲप, गॅसचं, विजेच्या बिलाचं, रिक्षा बोलावायचं, बायबल मोठ्या अक्षरांत वाचायचं. बाईंना फोन आवडला, हेही खरं. व्हिडिओवर नात दिसली की त्या स्क्रीनला पदरानं पुसायच्या. पावलांच्या ॲपवर तर त्यांनी मला खो खो हसवलं होतं. केडगावहून रिक्षात बसून माझ्याकडे सावेडीला आल्या, फोन बघितला तर त्यात हजारावर पावलं आणि वर अभिनंदन! म्हणाल्या, “मंगल, हे पावलं मोजत नाही गं, नगरचे खड्डे मोजतंय.”

पण त्यांना एक गोष्ट शिकायची होती, एकच. दवाखान्याचा नंबर स्वतः लावायचा होता.

बाईंना हृदयाचा त्रास होता, दोन-तीन महिन्यांनी तपासणीला जावं लागे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, आता बहुतेक ठिकाणी हेच चालतं. मार्चमध्ये त्या नेहमीसारख्या सकाळी जाऊन काउंटरपुढे उभ्या राहिल्या, तर तिथली मुलगी म्हणाली, “आजी, नंबर ॲपवर लावायचा आता.” बाई म्हणाल्या, “अगं, मी समोर उभी आहे ना! लाव इथूनच.” “इथून लागत नाही.” जिवंत माणूस काउंटरला टेकून उभा आहे, धाप लागलेली दिसते आहे, आणि त्याला घरी जाऊन फोनमधून या म्हणायचं! बाई त्या दिवशी तशाच परत आल्या. तेव्हापासून विनय पुण्यातून नंबर लावून द्यायचा. कामात असला की विसरायचा, मग बाई त्याला पुन्हा आठवण करायच्या नाहीत. पोराला किती वेळा टोकायचं, म्हणायच्या.

म्हणून त्यांनी शिकायचं ठरवलं. भेटेल त्याला विचारलं. चर्चमधल्या मंडळींना विचारलं, मेडिकलवाल्याला विचारलं, शेजारच्या शेवंताबाईंच्या सुनेला विचारलं. प्रत्येकानं एकच केलं... “आणा इकडे.” फोन हातातून काढून घ्यायचा, अंगठा सप्‌सप् फिरवायचा, “हं, झालं, घ्या.” काय झालं, कसं झालं, विचारायची सोय नाही. हे “आणा इकडे” म्हणणारे सगळे स्वतःला मदतीला धावणारे समजतात. म्हाताऱ्या माणसाच्या हातातली वस्तू काढून घ्यायची आणि वर उपकाराचा चेहरा करायचा! साठ पोरांच्या वर्गात जिचा आवाज चढला नाही, तिला शिकवायला अख्ख्या नगरात एका माणसाकडे पाव तास नव्हता.

आणि मी? मी तर त्यांच्याच हाताखाली शिकलेली. एका दुपारी मुद्दाम केडगावला गेले. बाई म्हणाल्या, “मंगल, हात मागं बांध आणि मला नुसतं सांग.” बांधले. पहिली पायरी झाली, दुसरी झाली, मग ओटीपी आला. बाईंनी चष्मा लावला, तो मेसेज पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, कागद घेतला, सहाही आकडे वळणदार अक्षरात उतरवले, त्याखाली रेघ मारली आणि मग एकेक आकडा दाबायला घेतला. वेळ संपली. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यांनी फोन माझ्यापासून वळवून धरला. “कोणाला सांगू नका असं लिहिलंय,” म्हणाल्या. तिसऱ्या वेळी पुन्हा कागद, पुन्हा रेघ... आणि माझे हात सुटले. “बाई, आणा इकडे,” म्हटलं आणि अर्ध्या मिनिटात नंबर लावून दिला. त्या चहा ठेवायला आत गेल्या. मला लाज वाटायला हवी होती, मी मात्र सहाची बस चुकेल म्हणून घड्याळ बघत होते.

त्यानंतर त्यांनी कोणाला विचारणं सोडलं. पुढच्या वेळी एकट्याच फोन घेऊन बसल्या असणार. किती दिवस, किती ओटीपी, देव जाणे. एका शनिवारी मला फोन आला, आवाजात नुसता आनंद. “मंगल, मी लावला! नंबर! गुरुवारचा, चौदावा. कोणी बोट लावलं नाही.” मी म्हटलं, “शाब्बास!” पण बोलता बोलता त्या थांबत होत्या, वाक्याच्या मध्येच श्वास घेत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “छाती जरा जड वाटतेय दोन दिवस, जिना चढताना दम लागतो. गुरुवारी दाखवतेच आहे.” मी म्हटलं, “बाई, गुरुवार कशाला? मी आत्ता रिक्षा घेऊन येते, आजच जाऊ.” त्यावर म्हणाल्या, “नंबर नसताना कसं जायचं? तेरा माणसं माझ्याआधी आहेत. चौतीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलं, आता मी मध्ये घुसू?” ... आणि मी ऐकलं. त्यांचा एवढा आनंद कशाला मोडायचा, असं वाटलं मला. एकदा हात बांधायला हवे होते तेव्हा सोडले, आणि ज्या दिवशी त्यांना हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं त्या दिवशी बांधून बसले. ही चूक माझी आहे, ती मी कोणाच्या माथी मारत नाही.

मंगळवारी दूध घ्यायला बाईंनी दार उघडलं नाही. शेवंताबाई सांगत होत्या, “म्या लई हाका मारल्या वो. बाई कदी आसं करायच्या न्हाईत. मंग आमच्या मालकानं कडी तोडली.” विनय दुपारपर्यंत पोहोचला. खुर्चीत बसून एकच वाक्य म्हणत होता, “मला कळवायचं ना आईनं, मी लावला असता नंबर.” मी त्याच्यावर चिडणार होते, पण त्याचा चेहरा बघितला आणि त्याच्यासाठी पाणी आणायला उठले. बुधवारी माती दिली. घरी परतल्यावर टेबलावरचा बाईंचा फोन वाजला. उद्या आपला चौदावा क्रमांक आहे, कृपया वेळेवर उपस्थित राहावे. विनयनं तो उलटा करून ठेवला.

गुरुवारी मी दवाखान्यात गेले. का गेले, नीटसं सांगता येणार नाही. भांडायचं होतं बहुतेक. भिंतीवर मोठा स्क्रीन होता, त्यावर नंबर आणि नावं सरकत होती. काउंटरवर एक मुलगी, बाईंनी सांगितलेली तीच असावी. मी म्हटलं, “चौदावा नंबर सुमन साळवे यांचा. त्या मंगळवारी वारल्या. छातीत दुखत असताना गुरुवारची वाट बघत बसल्या होत्या.” ती दचकली, हे खरं. म्हणाली, “अहो, त्रास होत असेल तर थेट यायचं ना! नंबर लागत नाही त्याला.” मी विचारलं, “हे त्यांना कोणी सांगितलं होतं? इथे उभ्या राहिल्या तेव्हा तू सांगितलंस?” “ॲपवर लिहिलंय की.” दाखव म्हटलं. तिनं पान खाली ढकललं, आणखी खाली, आणखी... आणि तळाशी, बारीक इंग्रजीत, खरंच लिहिलेलं होतं. मग ती चाचरत म्हणाली, “आजचा नंबर कॅन्सल करायचा होता तुम्ही. दुसऱ्याला मिळाला असता.”

मी कॅन्सल केला नाही. बाकावर जाऊन बसले. बारा झाला, तेरा झाला, आणि स्क्रीनवर चौदा आला, त्यापुढे बाईंचं नाव. कोणी उठलं नाही. दोन मिनिटं ते नाव तसंच लुकलुकत राहिलं आणि मग त्याच्यापुढे लाल अक्षरांत आलं... गैरहजर.

खोटं आहे ते. शनिवारपासून त्या हजरच होत्या, केडगावच्या घरात, तुमच्या रांगेत, छाती धरून.