काका-गरम

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या काकांना सगळे नुसतं 'काका' म्हणतात. साठीला टेकलेले, अंगानं काडी. डबा एवढा मोठा आणतात की बघणाऱ्याला धडकी भरावी, पण खाल्लेलं अंगी म्हणून लागत नाही. त्यामुळेच की काय, मी कशावर काम करते हे या माणसाला पटकन कळलं; माझ्या सख्ख्या भावाला अजून कळलेलं नाही.

"म्हणजे ज्या पोरांच्या पोटात जातं पण अंगी लागत नाही, त्यांच्यासाठी ना?" ते म्हणाले होते.

अगदी तेच. काही मुलांना स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, म्हणून ड जीवनसत्त्व कितीही द्या, बरंचसं आलं तसं निघून जातं. त्यावर माझा उपाय असा: मक्यातलं प्रथिन अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्यात हे जीवनसत्त्व घालायचं आणि ते मिश्रण पेक्टिनच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पेक्टिन म्हणजे सफरचंदाच्या सालीतलं, जॅम घट्ट करणारं. नीट जमलं, तर डोळ्यांना दिसणारही नाहीत असे बारीक कण तयार होतात. ते जठरातून सुखरूप पार होतात आणि आतड्यात जाऊन जीवनसत्त्व सोडतात. पण जमायला हवं ना! सात महिने माझ्या नशिबी नुसत्या गुठळ्या. सोमवारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना नमुना दिला नाही, तर त्या दुसऱ्या गटाबरोबर काम सुरू करणार होत्या आणि माझी फाइल कपाटात जाणार होती.

गुरुवारी सकाळी जमलं. पाण्याला जराशी निळसर झाक, बाकी काही नाही. उत्तम जमलेलं मिश्रण असंच दिसतं, भांडं विसळलेल्या पाण्यासारखं. कण मोजायच्या यंत्रावर दुसरं कुणी बसलं होतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. बोलून परत येते तो बीकर गायब.

मी आकाशपाताळ एक केलं. दोन विद्यार्थिनींना रडवलं. माझा स्वभाव तापट आहे असं घरचे म्हणतात. त्या दिवशी प्रयोगशाळेलाही ते पटलं असणार. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा काका माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, पोरींना बोलू नका. बीकर मी ओतला. विसळलेलं पाणी वाटलं."

आमच्याकडे साधा नियम आहे: सिंकच्या डावीकडचं धुवायचं, उजवीकडच्याला हात लावायचा नाही. आणि फोन घ्यायला धावताना बीकर मीच डावीकडे ठेवला होता. हे मला तेव्हा कुठे आठवलं. काकांना पहिल्यापासून माहीत होतं, तरी त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी आहे."

"ते राहू द्या. तुम्ही परत करणार, तर सगळं माहीत असलेलं बरं. आज भांडी मी गरम पाण्यात धुतली. तो बीकर तुम्ही सकाळी गरमच उचलून नेलात."

सिंकवर तर कागद लावलेला: भांडी गार पाण्यातच धुवावीत. मी काही विचारायच्या आत त्यांनी हातमोजे काढले. बोटांचे सांधे सुजून लाल झाले होते.

"गार पाण्यात मूठ मिटत नाही. दोन वर्षं झाली. रोज नाही वापरत हो गरम, आज फारच आखडली होती. कळलं तर घरी बसवतील, म्हणून बोललो नाही. आणि घरी बसून मी काय करू?"

वाईट तर वाटलंच. पण खोटं कशाला सांगू, त्याच क्षणी डोक्यात लख्ख प्रकाशही पडला. गार काचेत पेक्टिनचं पाणी दाट होत होतं, म्हणून गुठळ्या!

"किती गरम होतं, काका?"

"हाताला सोसेल इतकं."

हे काय माप झालं? मी पाणी तापत ठेवलं, थर्मामीटर घातला. काकांनी बोटं बुडवली. "अजून... अजून... बास." शेहेचाळीस अंश. पाणी बदलून पुन्हा केलं. "बास." शेहेचाळीस. तिसऱ्या वेळी मी थर्मामीटरचा आकडा हातानं झाकला. तरी शेहेचाळीस! असा हा आमचा माणूस. माझा त्यांच्यावर फार जीव आहे.

शनिवारपर्यंत तीनदा निळसर झाक आली. विद्यार्थिनींची माफी मागितली, सोमवारी नमुना गेला. पद्धत लिहिताना मी लिहिलं, 'बीकर काका-गरम असावा, म्हणजे शेहेचाळीस अंश.' प्रमुखांनी वाचून विचारलं, "हे काय प्रकरण आहे?" मी आधी काकांना विचारून आले.

"सांगा," ते म्हणाले, "पण बोटांचं जरा बेतानं सांगा."

मी बेतानं सांगितलं, आणि डावीकडचंही सांगितलं. प्रमुखांनी उठून सिंकवरचा कागद काढला आणि स्वतःच्या हातानं नवा लिहून लावला: भांडी काका-गरम पाण्यातच धुवावीत.

काकांनी तो दोनदा वाचला आणि ते कामाला लागले. थोड्या वेळानं साबणाची बाटली घेऊन माझ्याकडे आले. दोन वर्षांत त्यांनी अशी मदत कुणाकडेच मागितली नव्हती.

"ताई, झाकण घट्ट बसलंय. जरा उघडून देता?"