मुकादमाचा कागद

पाचूबंदरला मच्छीमार धक्क्याचं काम चालू होतं तेव्हा मी तिथल्या कचेरीत कारकून होतो, आणि तो गवंड्यांचा मुकादम. फार कमी बोलायचा. भरतीला काम थांबलं की बाकीचे विड्या ओढत बसायचे; हा मात्र धक्क्याच्या भिंतीवर तळहात टेकून उभा राहायचा, आजाऱ्याचा ताप बघावा तसा.

कामावरच्या इंजिनियर साहेबांनी भिंतीमागे दगडाऐवजी खाडीचा चिखल भरायचं ठरवलं. चिखल जवळच होता, काम लवकर उरकलं असतं. पाणी निघायला भिंतीत भोकंही ठेवायची नाहीत म्हणाले. मुकादम माझ्या टेबलाशी आला.

"भाऊसाहेब, लिवा. चिखल पानी धरून ठेवल. ओहोटीला पुढचा दर्या उतरला की मागचं पानी भिंतीलाच ढकलंल."

मी लिहिलं, त्याचा अंगठा घेतला. साहेबांनी कागद वाचून माझ्यापुढे परत टाकला. मी तो खणात ठेवला.

पावसाळ्यात, ऐन ओहोटीला, भिंत पुढे कोसळली. खाली कालवं काढत बसलेली एक कोळीण दगडांखाली गेली.

चौकशीत साहेब म्हणाले, बांधकामच कच्चं होतं. मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "कोणाच्या हातचं?"

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माझ्या हातचं, सायब," तो म्हणाला.

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. जाताना तो कचेरीच्या दारात थांबला.

"तो कागद फाडून टाका, भाऊसाहेब. तुमची पोरं लहान हायत."

तो दिसेनासा झाल्यावर मी कागद खरंच फाडला.