बारीक डोळ्यांचे उंदीर

संस्थेत सगळे त्यांना पाठीमागे डोळेमॅडम म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. आईच्या पोटातल्या इवल्याशा गर्भात डोळा घडतो कसा, हा एकच प्रश्न त्या एकोणीस वर्षं धरून बसल्या होत्या. उत्तरही त्यांनीच दिलं होतं. एक ठरावीक जनुक निकामी केलं की उंदरांच्या दहा पिल्लांतल्या एकाचा डोळा बारीक राहतो. या एका बारीक डोळ्यावर त्यांचे बावीस निबंध, दोन पदकं आणि खिडकीजवळची खोली उभी होती.

घरी सासूबाईंना मात्र या कीर्तीचं सोयरसुतक नव्हतं.

"एवढी डोळ्यांतली जाणकार, मग माझ्या मोतीबिंदूचं काय ते सांग की," त्या म्हणत.

"तो माझा विषय नाही, आई."

"मग कुठला?"

"उंदरांचे डोळे."

यावर सासूबाई सुनेकडे न बघता मुलाकडे बघत. त्यांना मुलाचीच कीव यायची.

दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या कुणा नवख्या संशोधिकेनं 'या जनुकाचा डोळ्याशी संबंध दिसत नाही' असा निबंध तीनदा छापायला पाठवला. तपासणीसाठी तो तिन्ही वेळा मॅडमकडेच आला, कारण या विषयातलं दुसरं मोठं माणूस कोण होतं? मॅडमनी तिन्ही वेळा त्याला केराची टोपली दाखवली. शेरा एकच: 'निरीक्षण कच्चे.' तो लिहिताना त्यांना जरा बरंही वाटलं होतं.

अशात संस्थेचं संचालकपद रिकामं झालं आणि निवड समितीपुढे भाषण द्यायचं ठरलं. भाषणात ताजे फोटो हवेत म्हणून मॅडम कित्येक वर्षांनी स्वतः उंदरांच्या खोलीत गेल्या. अंगात झगा, डोक्याला टोपी, पायात कापडी पिशव्या. भुशाच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं. ही खोली सांभाळणाऱ्या मावशी पहिल्या दिवसापासून तिथेच होत्या. त्या साध्या उंदरांच्या पिंजऱ्यातून, म्हणजे ज्यांच्या जनुकाला कुणी हात लावला नव्हता त्या पिंजऱ्यातून, एक पिल्लू उचलून बाजूला ठेवत होत्या.

"याला का काढलंत?"

"बारीक डोळ्याचं निघालं ना."

"साध्या पिंजऱ्यात? असं कधीपासून होतंय?"

"पहिल्यापासून. एक-दोन वेतांत एखादं निघतंच. तुम्हीच म्हणाला होतात, या साध्या पिंजऱ्यांत धडधाकट तेवढी ठेवायची, कमजोर दिसलं की काढायचं. मी तेव्हा विचारलंही होतं, बारीक डोळ्याचं पण काढू का? तुम्ही हो म्हणालात."

मॅडमना आठवलं. घाईत होत्या, एक पाय दारात होता.

पायाखालची जमीन सरकते ती अशी. साधा उंदीर हा त्यांचा मापदंड. त्याच्याशी ताडून बघायचं आणि फरक दिसला तर शोध लागला म्हणायचं. आणि मापदंडातलीच बारीक डोळ्यांची पिल्लं मावशी एकोणीस वर्षं इमानेइतबारे वेचून काढत आल्या होत्या. पुढचे पंधरा दिवस मॅडमनी एकही पिल्लू काढू दिलं नाही आणि स्वतः मोजत बसल्या. साधे उंदीर: दहात एक. जनुक निकामी केलेले: दहात एक. म्हणजे जनुक बिचारं निर्दोष होतं, आणि त्यांनी आयुष्यभर काय शोधलं होतं, तर काहीच नाही. त्या दिवशी त्यांना रडू आलं. आधी कामासाठी, मग खुर्चीसाठी.

गप्प राहावं, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण त्याच आठवड्यात कळलं, की त्या नवख्या बाईचा निबंध दुसरीकडे छापला जातोय, साध्या उंदरांच्या बारीक डोळ्यांच्या आकड्यांसकट. तेव्हा मॅडमना सचोटीची आठवण झाली.

त्यांनी सगळे निबंध मागे घेतल्याचं पत्र लिहिलं. पत्र सुंदर होतं. त्यातल्या एकाच वाक्यावर सबंध सकाळ गेली: 'देखभाल कर्मचाऱ्याने परस्पर पिल्ले काढून टाकल्यामुळे ही त्रुटी राहिली.' त्यातल्या 'परस्पर'ला सगळ्यात जास्त वेळ लागला. आधी तिथे 'सूचनेनुसार' होतं.

समिती भारावून गेली. स्वतःची चूक जाहीरपणे कबूल करणारा शास्त्रज्ञ आज कुठे सापडतो, असं अध्यक्ष म्हणाले आणि संचालकपद मॅडमच्या पदरात पडलं. सहीसाठी आलेल्या पहिल्याच गठ्ठ्यात मावशींना कामावरून कमी करण्याची नोटीस होती. मॅडमनी ती शेवटपर्यंत वाचली आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी मावशी तो कागद घेऊन आल्या.

"ऑफिसची भाषा मला कळत नाही, मॅडम. तुम्हीच वाचून सांगा, खाली तुमची सही आहे."

मॅडमनी वाचलं. पत्रातलं वाक्य कारकुनानं जसंच्या तसं उतरवलं होतं.

"परस्पर म्हणजे?"

"म्हणजे... कुणी न सांगता."

मावशींनी खालच्या सहीवर बोट ठेवलं. "सही करताना तुम्ही वाचलं नव्हतं का हे?"

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

मावशींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच. मला वाटलंच, तुम्ही असं करायच्या नाहीत. आता वाचलंत ना?" असं म्हणून त्यांनी समोरची खुर्ची ओढली, पदर सावरून बसल्या आणि मॅडम कागद दुरुस्त करतील म्हणून वाट पाहू लागल्या.