डावीकडे ओढणारी गाडी

होळीपासून आमची गाडी डावीकडे ओढायला लागली. कुंडमच्या सरकारी शाळेत शिकवायला मी ती रोज जबलपूरहून न्यायची. स्टिअरिंग इतकं जड, की वर्गात खडू धरताना मनगट ठणकायचं. घरात मात्र निकाल लागून चुकला होता: बाईचा हात कच्चा आहे. रविवारी नवरा चालवायचा तेव्हा तीच गाडी शहाण्यासारखी सरळ जायची.

"बघ, मक्खनसारखी चालून राहिली. तुलाच जमत नाही," तो म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार काय? कुंडमच्या रस्त्याची हळूहळू मलाच धास्ती वाटायला लागली होती.

सासरे फॅक्टरीत जन्मभर फिटर होते, म्हणून टायर हे त्यांचं खातं. सुनेनं तिथे नाक खुपसायचं नाही. सोमवारी सकाळी ते काडेपेटी घेऊन एकेका चाकापाशी उकिडवे बसायचे. मला वाटायचं, तपासताहेत.

एप्रिल महिन्यात एका वळणावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे खेचली गेली ती थेट कच्च्यात, नाल्याच्या काठावर. खाली उतरून पाहिलं, तर पुढचं डावं चाक बसल्यासारखं दिसत होतं. तशीच रांगत रांगत गाडी पंक्चरवाल्याकडे नेली.

त्यानं त्या डाव्या चाकाला मीटर लावला. "दीदी, इसमें हवा है ही कहाँ? तीस की जगह चौदह! इस गर्मी में फट जाता तो?" मग त्यानं टायर दाखवला. दोन्ही कडा घासून गुळगुळीत, मधली नक्षी नव्यासारखी. पंक्चर एकही नव्हतं.

घरी आल्या आल्या मी विचारलं, "बाबा, टायरची हवा कोण काढते?"

"मीच. वॉल्वमध्ये काडी दाबतो, थोडी सोडून देतो. डावीकडून ऊन लागते म्हणून तिकडची जरा जास्त. उन्हाळ्यात हवा फुगते, टायर फुटते. काहून?"

"अहो, हवा कमी असली की टायर जास्त तापते! मी मरता मरता वाचली आज!"

"फिटर मी होतो का तू?"

असा संताप आला, की ती काडेपेटी चुलीत घालावीशी वाटली. मी नवऱ्याकडे वळले. "सांग ना तू यांना."

त्यानं मोबाइलमधून मान वर केली नाही. "जाऊ दे ना. मी तर रविवारी पहिले पंपावर जाऊन हवा भरूनच घेतो. बाबांशी कोण भांडत बसेल?"

सासऱ्यांना निदान वाटत होतं, ते माझा जीव वाचवताहेत. नवऱ्याला सगळं माहीत होतं, आणि तरी दर सोमवारी दारात उभा राहून तो मला म्हणायचा, "सांभाळून जा."