जिना बारा, दार चौदा

माणसाला नोकरीवरून काढायचे ठरवणारे मालक व्हिएन्नात कमी नव्हते. पण काढल्याचे पत्र त्या माणसाच्या घरात नक्की कधी पोचले, हे कोर्टात खणखणीतपणे सांगणारा माणूस एकच होता, तो म्हणजे ओट्टोकार वेसेली.

डॉ. इर्मगार्ड थालहामर यांच्या वकिली कचेरीत ते चौतीस वर्षे होते. कचेरी फक्त नोकरीच्या कायद्याचे काम करी, तेही मालकांच्या बाजूने, आणि त्या कामात तिचे नाव पहिल्या दोन-तीनांत घेतले जाई. अकरा वकील, सहा टंकलेखिका, आणि पत्रे पोचवायला वेसेली. टपालखात्यावर बाईंचा विश्वास नव्हता. टपालाला उशीर होतो, आणि उशिराची शपथ कोणी घेत नाही, असे त्या म्हणत.

वेसेलींची पद्धत ठरलेली होती. माणूस घरी असला तर पत्र हातात द्यायचे. नसला तर तीनदा घंटा वाजवायची, दोन मिनिटे थांबायचे आणि दारातल्या फटीतून पाकीट आत सोडायचे. मग तिथेच जिन्यात उभे राहून वहीत तारीख, वेळ, जिना आणि दार लिहायचे. एका बाईने त्यांच्या देखत पाकीट न फोडता शेगडीत घातले होते. वेसेलींनी वहीत लिहिले, ‘११ वाजून ५. मिळाले. जाळले.’ खटला त्या एका ओळीवर निकाली निघाला. कामगार न्यायालयातले न्यायाधीश त्यांना नावाने ओळखत. विरुद्ध बाजूचे वकीलही त्यांची उलटतपासणी करण्यात वेळ घालवत नसत.

कचेरीखालच्या टपरीवर सॉसेज विकणारी बाई मात्र त्यांना ‘हेर’, म्हणजे जर्मनमध्ये ‘श्रीयुत’, लावून रोज छेडायची. “काय हेर वेसेली, आज पिशवीत किती मढी?”

“दोन,” वेसेली म्हणायचे. “मोहरी जरा जास्त घाला.”

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी पिशवीत एकच पत्र होते. फावोरिटेन भागात इस्पितळांच्या चादरी धुणारा एक कारखाना होता. तिथल्या इस्त्रीखात्यात झोरित्सा लुकिच नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई पाळीप्रमुख होती. कारखान्यात कामगारांचे मंडळ नव्हते आणि ते उभे करायचा तिने चंग बांधला होता. त्यासाठी त्याच दिवशी साडेपाचला सभा होती. सभेत हात वर करून तिला निवडणूक समितीवर घेतले की कायदा तिच्यामागे उभा राहणार होता. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय मालकाला तिला हात लावता आला नसता.

“साडेपाचच्या आत, हेर वेसेली,” डॉ. थालहामर म्हणाल्या. “त्यानंतर ते पत्र नाही, रद्दी आहे.”

“कारखान्यातच का देत नाहीत?”

“तिथे दिलं तर बाकीचे कामगार यंत्रं बंद पाडतील. घरी टाका. ती असो, नसो. काढण्याचं कारण आपण जानेवारीपासून कागदावर तयार ठेवलंय. प्रश्न फक्त वेळेचा आहे.”

झोरित्सा नगरपालिकेच्या एका मोठ्या वसाहतीत राहत होती. एक अंगण आणि भोवती एकोणीस जिने. पाकिटावर लिहिले होते, जिना १२, दार १४. वेसेलींनी ते कचेरीत एकदा वाचले. वसाहतीत पोचल्यावर पाकीट पुन्हा काढून बघायची सवय त्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच सोडली होती. नवशिक्यांनी बघावे. दारावर नाव नव्हते. त्यांनी तीनदा घंटा वाजवली, दोन मिनिटे थांबले, पाकीट आत सोडले आणि वहीत लिहिले. वेळ झाली होती तीन चाळीस.

त्या संध्याकाळी सभेत एक्केचाळीस हात वर झाले.

तीन आठवड्यांनी कोर्टातून दाव्याची प्रत आली. फायलींत कागद लावायचे कामही वेसेलींकडेच असल्याने त्यांनी ती आधी वाचली. झोरित्साचे म्हणणे होते की पत्र तिला बुधवारी सकाळी मिळाले, म्हणजे सभेनंतर. ते तिला आणून दिले जिना चौदा, दार बारा इथे राहणाऱ्या लेओपोल्ड कुबीचेक या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थाने. ते पूर्वी ट्राम चालवत. मंगळवारी फिरून घरी आल्यावर त्यांना पाकीट पायपुसण्यावर पडलेले दिसले. चष्मा दुरुस्तीला दिला होता, म्हणून नाव वाचायला सकाळ उजाडली.

वेसेलींनी वही उघडली. त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिले होते: ‘३.४०. जिना १४, दार १२. फटीतून.’

वही मिटून ते बाईंच्या खोलीत गेले. “फ्राऊ डॉक्टर, त्या लुकिचबाईंच्या पत्राबद्दल जरा...”

बाईंनी मान वर केली नाही. “बोलण्याआधी एक लक्षात घ्या, हेर वेसेली. जे मला कळतं ते मला विसरता येत नाही. पत्र टाकलंत?”

“टाकलं.”

“तीन चाळीसला?”

“तीन चाळीसला.”

“झालं तर मग. आता तो म्हातारा काय माणूस आहे, ते बघून या.”

रिटायर व्हायला चौदा महिने राहिले होते. एक पत्र चुकले असे ठरले तर चौतीस वर्षांची पत्रे लोक उकरून काढतील, असे वेसेलींनी स्वतःला समजावले. कचेरीचे काय होईल, बाईंचे काय होईल, याचाही त्यांनी विचार केला. झोरित्साचा विचार त्यांनी केला नाही. तसा तो त्यांनी कोणाचाच कधी केला नव्हता.

रविवारी जेवणानंतर त्यांनी त्याच जातीची कोरी वही काढली आणि जानेवारीपासूनच्या सगळ्या नोंदी एकेक करून नव्या वहीत उतरवल्या.

“काय लिहिताय एवढं?” त्यांची बायको गेर्लिंडे हिने विचारले.

“जुनी वही भिजली.”

“कधी भिजली?”

वेसेली उठले, त्यांनी जुनी वही मोरीतल्या नळाखाली धरली आणि म्हणाले, “आत्ता.” नव्या वहीत एकच ओळ वेगळी होती.

सोमवारी ते वसाहतीत गेले. जिना चौदाची झाडलोट बघणारी बाई गप्पिष्ट होती.

“कुबीचेक ना? देवमाणूस. बायको जाऊन दीड वर्ष झालं, तरी तिच्याशी बोलतो. सकाळी तिचाही कप मांडतो. पण डोकं शाबूत आहे हां. माझा महिन्याचा हिशेब तोच करून देतो.”

वेसेलींनी त्यातले ‘पण’च्या आधीचेच तेवढे लिहून घेतले.

जूनमध्ये सुनावणी झाली. मध्ये न्यायाधीश श्टाइनवेंडर, त्यांच्या एका बाजूला मालकांच्या आणि दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वतीने नेमलेला पंच. कुबीचेक ठेवणीतला कोट घालून आले होते. पत्राची हकीकत त्यांनी न अडखळता सांगितली. झोरित्सा त्यांच्याकडे बघून हसली. कामगार पंचानेही मान हलवली.

मग डॉ. थालहामर उठल्या. त्यांचा आवाज लेकीसारखा मऊ होता.

“हेर कुबीचेक, आज सकाळी काय खाल्लंत?”

“पाव, लोणी. जर्दाळूचा मुरंबा.”

“वा. घरचा मुरंबा?”

“म्हणजे काय. विकतचा आमच्याकडे येतच नाही. हेर्मी करते.”

“हेर्मी कोण?”

“बायको माझी.”

“आज त्या नाही आल्या तुमच्याबरोबर?”

“गुडघे धरलेत तिचे. नाहीतर आली असती की.”

डॉ. थालहामरनी एक कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. “तुमच्या पत्नी दीड वर्षापूर्वी वारल्या ना, हेर कुबीचेक?”

म्हातारबुवांनी कोटाची बाही ओढली.

“वारली,” ते म्हणाले. “हो. नोव्हेंबरात. पण मुरंबा तिनंच केलेला आहे. बरण्या अजून उरल्यात.”

“आणि गुडघे?”

म्हातारबुवांनी दुसरी बाही ओढली.

झोरित्साचा वकील उठला. “याचा पत्राशी काय संबंध?”

“काहीच नाही,” डॉ. थालहामर म्हणाल्या. “म्हणूनच मला आणखी काही विचारायचं नाही.”

वेसेलींची साक्ष चार मिनिटांत आटोपली. तीन चाळीस, जिना बारा, दार चौदा, तीनदा घंटा. न्यायाधीशांनी वही हातात घेतली, एक पान उलटले आणि परत दिली.

झोरित्सा जागेवरूनच म्हणाली, “माझ्या दाराला कुठला रंग आहे, ते विचारा यांना.”

“तपकिरी,” वेसेली म्हणाले. त्या वसाहतीतली सगळीच दारे तपकिरी होती.

तासाभरात निकाल लागला. पत्र वेळेत पोचले होते. सभा भरली तेव्हा झोरित्सा लुकिचला नोटीस मिळालेली होती. त्यामुळे तिला समितीवर घेण्याने काही बदलत नव्हते, आणि तिची नोकरी गेली ती गेली.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉ. थालहामर खिडकीशी उभ्या राहून सिगारेट पेटवत होत्या. वेसेली कोटाची बटणे लावत होते. तेवढ्यात कुबीचेक हळूहळू चालत त्यांच्याजवळ आले.

“हेर वेसेली, मी भांडायला नाही आलो. निकाल लागला, विषय संपला. एकच विचारतो, अगदी माझ्यापुरतं. कुणाजवळ बोलणार नाही.”

“विचारा.”

“ते पाकीट माझ्या दारातनं तुम्हीच टाकलंत ना? पायपुसण्यावर पडलेलं मी पाहिलं. उचललं. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं. मुलगी म्हणते, बाबा, तुमचं डोकं गेलं, आता वृद्धाश्रमात चला. मी म्हणतो नाही गेलं. हेर्मीशी बोलतो ते मुद्दाम बोलतो, ते मला कळतं. आज तिथं जीभ घसरली. पण हे पाकीट... एवढं सांगा फक्त.”

खिडकीशी काडी ओढल्याचा आवाज झाला. बाईंची पाठ इकडे होती आणि अंतर पाच पावलांचे होते.

“पत्र घेऊन मी तुमच्या दाराशी कधीच आलो नाही, हेर कुबीचेक,” वेसेली म्हणाले.

म्हातारबुवांनी दोनदा मान हलवली. “बरं झालं विचारलं ते.”

झोरित्सा त्यांना शोधत आली. ते तिला म्हणाले, “पोरी, तुझी नोकरी मी घालवली. नसलेलं पत्र पाहिलं मी.”

“असं काय बोलता, आजोबा? मी तुमच्या हातातनं घेतलंय ते. तुम्ही सपाता घालून आला होतात. मी कॉफी दिली तुम्हाला.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस तू.”

“देवाशपथ, आजोबा.”

“आतमध्ये तीन माणसं बसली होती, शिकलेली. त्यांना काय माझं वाईट करायचंय?” त्यांनी खिशातून एक घडी केलेली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. चिठ्ठीवर मुलीचा नंबर होता. “खाली फोन आहे ना? लाव तिला. म्हणावं, त्या आश्रमातली खोली अजून रिकामी असली तर मी येतो.”