कुलपातला डबा

त्या माइकची आठवण निघाली की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सात रस्त्याजवळच्या आमच्या शाळेला एका देणगीदाराने परदेशातून बिनवायरचा माइक आणून दिला. हातात माइक, आणि त्याचा आवाज रेडिओसारखा हवेतून पकडून कर्ण्याला पोचवणारा एक डबा. एवढी महागडी वस्तू उघड्यावर कशी ठेवायची, म्हणून मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात तो डबा स्टेजवरच्या लोखंडी कपाटात ठेवला, खेळांच्या बक्षिसांच्या पेल्यांशेजारी. बक्षिसं निघत होती तोवर कपाट उघडं होतं आणि पाहुण्यांचं भाषण मैदानभर ऐकू गेलं. बक्षिसं संपल्यावर सरांनी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि मला बोलायला बोलावलं.

मला एकच गोष्ट सांगायची होती. मी सातवीची वर्गशिक्षिका; माझ्या वर्गात सहामाहीला पहिली आलेली मुलगी जवळच्या कुंभारी गावची होती, आणि आता शिक्षण पुरे म्हणून बाप तिला शाळेतून काढणार होता. तो भाऊबंदांसह मागच्या सतरंजीवर बसला होता. चारचौघांत लेकीचं कौतुक झालं तर त्याचं मन वळेल, एवढीच माझी आशा.

माइकमधून नुसती खरखर.

"बाई, जरा मोठ्यानं बोला," सर म्हणाले. बोलले. पोरांच्या गलक्यात सगळं विरून गेलं. मग सेल बदलले, माइक तोंडाशी धरला, लांब धरला. एका शहाण्याने तो तळहातावर आपटूनही पाहिला. कर्णेवाला मात्र पहिल्यापासून घसा फोडून सांगत होता, "सर, डबा लोखंडात कोंडलाय. कपाट उगडा की, आवाज यील."

"कपाटाचा आणि आवाजाचा काय संबंध?" म्हणत सर पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. किल्लीही गेली. मी हातात तो मुका माइक धरून तशीच उभी.

ते परतले, कपाट उघडलं आणि माझा आवाज खणखणीत घुमला. समोर शिपाई सतरंज्या गुंडाळत होता. कुंभारीची एसटी कधीच निघून गेली होती.

पुढच्या रविवारी मी कुंभारीला गेले. बापाने घोंगडी अंथरली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"पयला नंबर आला म्हंता, मग तितं चार मान्सांत का न्हाय सांगितलं, बाई? समदे भाऊबंद हुते की. त्येंच्यापुडं मला बी कायतरी बोलता आलं आस्तं. काल सुपारी फुटली."

एका कुलपापायी, हे त्याला सांगायची मला लाज वाटली.